डोळे पाडव्याला काढू

ज्यांनी आयुष्यभर लिहिले त्यांनीच लिहावे, अशा मताचा मी मनुष्य. मी आयुष्यभर गणित शिकवले, आणि त्यातली पहिली काही वर्षे उर्दूतून. मराठीत मी घरी बोललो, पत्रे लिहिली, वर्तमानपत्र वाचले. याहून अधिक काही करण्याचे धाडस कधी केले नाही. आता सत्तरी उलटल्यावर हे चार कागद वाचकांपुढे ठेवताना हात आखडतो. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितो आहे, त्यांना हे मुळीच रुचले नसते. "गुरुजी, माझं काय लिव्हताव? दुसरं कुणी घावलं न्हाय का मुरुम गावात?" असे म्हणून ते उठून गेले असते. तेव्हा त्यांची आणि वाचकांची, दोघांचीही क्षमा मागून सुरुवात करतो.

बसलिंगप्पा मास्तरांच्या एका वर्षात अनेक नवी वर्षे येत. त्या काळी आमच्या मुलखात निजामाचे राज्य होते आणि सरकारी कामकाज फसली सनावर चाले. ऑक्टोबरात आजूर महिना लागला की कचेऱ्यांचे आणि शाळांचे वर्ष बदले. त्याच सुमारास आडतदारांचा दिवाळीचा पाडवा येई. चैत्रात घरोघरचा पाडवा, मोहरमला मुसलमान बांधवांचे साल, आणि इंग्रजी तारखा पाळणाऱ्या एखाद्या डॉक्टराच्या भिंतीवर जानेवारी. मास्तर यातले एकही नवे वर्ष वाया जाऊ देत नसत. प्रत्येकाच्या पहिल्या सकाळी ते अंघोळ करून, कुंचले धुऊन, पाटावर कोरा कागद मांडून बसत. आजपासून रोज एक चित्र काढायचे, असा त्यांचा संकल्प असे. तो संकल्प चार दिवस टिके, कधी आठ. मग ते पुढच्या नव्या वर्षाची वाट पाहू लागत.

मी हैदराबादेस शिक्षण संपवून मुरुमच्या शाळेत रुजू झालो तो नेमका आजूरचा पहिला दिवस होता. मी मूळचा जळकोटचा. मुरुमात माझी ओळख कुणाशी नव्हती. शिक्षकांच्या खोलीत शिरलो तेव्हा एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ खिडकीशी बसून कोळशाने काही रेखाटत होते. हेच चित्रकला शिकवणारे बसलिंगप्पा मास्तर. त्यांनी मान वर न करता विचारले, "नवे गुरुजी का? बरं झालं, आजच आलाव. आरंभाला दिस चांगला हाय." तेवढ्यात आमचे हेडमास्तर आत आले. त्यांना सारे मौलवीसाहेब म्हणत. अतिशय सभ्य, पण थट्टेखोर मनुष्य. ते म्हणाले, "क्या मास्टर, इस बार आजूर से?"

"आजूर से, साब. पक्का."

"पिछले आजूर को भी येइच बोले थे!"

मास्तर लाजले. त्यांची लाज अशी की कानाच्या पाळ्या लाल होत आणि हातातला कोळसा आपोआप खिशात जाई. त्यांच्या सर्व सदऱ्यांच्या डाव्या खिशाला काळा डाग होता.

हात मात्र विलक्षण होता. वर्गात फळ्यावर ते खडूने एका झटक्यात बैल उभा करीत आणि मुलांना तो हंबरेल असे वाटे. पण फळा तास संपल्यावर पुसला जाई. कागदावरचे काम पुरे होत नसे. त्यांच्या घरी मी प्रथम जेवायला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीने, अक्कांनी, मला भिंती दाखवल्या. "बघा गुरुजी, ह्यो नंदी. शिंगं न्हाईत. हे देऊळ, कळस न्हाय. ही कोण बाई हाय देवाला ठाऊक, तिला पाय न्हाईत, तर ती जाणार कुठं? आमच्या घरात सगळंच अर्धं. मालकबी!" मास्तर ताटाकडे पाहत म्हणाले, "पाडव्यापासून बघ की." अक्का म्हणाल्या, "कुठल्या?" आम्ही तिघेही हसलो. मी जरा जास्तच हसलो, असे आज वाटते.

त्यांची यावर एक पक्की उपपत्ती होती. "आरंभ नीट पायजे, गुरुजी. दिस चांगला, उजेड चांगला, मन चांगलं. मग काम आपल्या पायानं चालत येतंय." मी त्यांना कधी विरोध केला नाही. मी स्वतःही तेव्हा कविता करण्याचा विचार करीत असे आणि चांगल्या दिवसाची वाट पाहत असे.

माझ्या नोकरीला दोन-तीन वर्षे झाली असतील, तेव्हा दिवस बिघडले. इंग्रज गेले होते, पण आमच्याकडे निजाम होता. गावोगावची तरुण पोरे अक्कलकोट-सोलापूरच्या बाजूची सरहद्द ओलांडून, निजामाविरुद्ध लढण्यासाठी, पलीकडच्या शिबिरांत जात होती. कोण गेले, कोण जाणार, हे साऱ्या गावाला ठाऊक असे आणि कुणी बोलत नसे. मौलवीसाहेबही हजेरी घेताना काही नावे मुकाट्याने ओलांडून पुढे जात.

फाल्गुन सरत आला असताना कोंडाबाई मास्तरांकडे आली. गावाच्या कडेला तिचे थोडे रान होते. नवरा कधीच वारला होता. माणिक हा एकुलता मुलगा. तो मास्तरांचा जुना विद्यार्थी, अठरा-एकोणीस वर्षांचा, रानात राबून रापलेला. ओसरीच्या खाली उभी राहून ती म्हणाली, "मास्तर, माझ्या माणिकचं तोंड कागदावर काढून द्या."

"फोटू का काढीत न्हाय, कोंडाबाई? सोलापुरात काढत्यात."

"सोलापूरला गेला तर परत कशाला येतोय?" ती म्हणाली आणि पदराने तोंड झाकून हसली. तिला सर्व कळत होते.

शाळा सुटल्यावर माणिक ओसरीवर येऊन बसू लागला. मीही तिथे असे. मास्तरांना इतके मन लावून काम करताना मी पाहिले नव्हते. कपाळ आले, नाक आले, वरच्या ओठावरची कोवळी लव आली, पागोट्याखालून निसटलेली बट आली. चौथ्या दिवशी चित्रात फक्त डोळ्यांच्या दोन पांढऱ्या जागा उरल्या. मास्तरांनी कोळसा खाली ठेवला.

"झालं?" माणिकने विचारले.

"डोळे पाडव्याला काढू."

कोंडाबाई उंबऱ्याशी बसली होती. "आजबी उजेड हाय की, मास्तर."

"तसं न्हवं, कोंडाबाई. मूर्ती करणारा डोळे शेवटी उघडतो का न्हाय? अन् तेबी चांगल्या दिसाला. अजून चार-पाच रोज तर हाईत. पाडव्याची सकाळ होऊ द्या. डोळे हे आरंभाचं काम."

माणिक म्हणाला, "पाडव्याला मी हाय-न्हाय कुणास ठाव, मास्तर."

"न्हाय म्हंजे? आईच्या हातची पुरणपोळी खाऊन जा की, मग जा कुठं जायचं ते."

माणिकने मान डोलावली. देवाच्या मूर्तीचा दाखला दिल्यावर कोंडाबाईनेही हट्ट सोडला. आपल्या मुलाचे डोळे देवासारखे मुहूर्तावर उघडणार, याचे तिला बरेही वाटले असावे.

पाडव्याच्या सकाळी मास्तरांच्या दारात गुढी उभी होती. अक्कांनी कडुलिंबाचा फुलोरा आणि गूळ वाटीत कालवून ठेवला होता. त्यांच्या माहेरच्या कानडी रीतीप्रमाणे त्या त्याला बेवु-बेल्ल म्हणत. मास्तर पूर्वेकडे तोंड करून बसले होते, पुढ्यात ते चित्र. कोंडाबाई एकटीच आली.

"गेला, मास्तर. सांगावा आला अन् गेला. परवाच. पुरण शिजलंबी नव्हतं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. चित्राकडे बघून ती म्हणाली, "तुमचं डोळं राहिलं. राहू द्या. आला की बशीवते आणून."

मास्तरांनी त्या दिवशी वाटीला हात लावला नाही.

पुढे पावसाळ्याअखेर राज्य बदलले. पलीकडे गेलेली मुले एकेक करून परत आली. कुणाला वाजतगाजत आणले. माणिक आला नाही. कुणी सांगे, सरहद्दीवरच्या एका चकमकीत त्याला पडलेले पाहिले. कुणी म्हणे, तसे नव्हे, तो गिरणीत कामाला लागला आहे. नक्की कुणालाच ठाऊक नव्हते.

दिवाळीनंतर कोंडाबाईच्या भावकीने तिच्यामागे लकडा लावला की माणिकचा टाक करावा. घरातला माणूस गेला की चांदीच्या पत्र्यावर त्याची प्रतिमा ठोकून ती देव्हाऱ्यात पुजायची, ही त्यांच्यातली रीत. टाक केला नाही तर गेलेला जीव घराभोवती घोटाळतो, असे थोरले दीर तिला सांगत. ती ऐकेना. मास्तरांच्या ओसरीवर येऊन तिने जे सांगितले, ते मी माझ्या कानांनी ऐकले.

"टाक केला म्हंजे मीच त्याला मारला की, मास्तर. जित्या माणसाचा टाक करतंय का कुणी? अन् सोनाराकडं सगळ्या टाकांची तोंडं सारखीच. माझ्या सासऱ्याचं, नवऱ्याचं, एकच. मला त्याचं तोंड पायजे. कागदाला काय, जित्याचाबी असतोय, मेल्याचाबी असतोय. द्या मला त्यो कागद. भिंतीला लावते. म्हंजे ही माणसं गप बसतील."

मास्तर आत गेले आणि रिकाम्या हातांनी बाहेर आले. "डोळे भरून देतो, कोंडाबाई. आठ दिस द्या." ती गेल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण ही लाज निराळी होती. ती नंतर कधी उतरली नाही. ते म्हणाले, "त्याचं नाक आठवतंय, गुरुजी. कानावरचा तीळ आठवतोय. डोळे न्हाय. मी बघितलेच नव्हते. चार दिस पोरगं समोर बसलं अन् मी त्याच्या डोळ्यांत बघितलं न्हाय. पाडव्याला बघू म्हणून ठिवलं व्हतं."

त्यांनी वेगवेगळ्या कागदांवर डोळे काढून पाहिले. ते बैलाचे होत, देवाचे होत, फळ्यावरच्या चित्रातले होत. आठ दिवसांचे महिने झाले. कोंडाबाईच्या घरावरून शाळेला जाणारी सरळ वाट मास्तरांनी सोडली आणि ते ओढ्याच्या बाजूने, चिखल तुडवीत येऊ लागले.

मग माघातल्या कुठल्याशा एका रिकाम्या सकाळी मी बाजारातून जात असता मास्तर एका आडत दुकानाच्या पायरीवर बसलेले दिसले. पुढे भुईमुगाची पोती, मांडीवर वाण्याच्या दुकानातला बांधणीचा कागद. समोर बसलेल्या हमालाचे डोळे ते काढीत होते, नुसते डोळेच. त्या दिवशी कसलेही नवे वर्ष नव्हते. तिथी कोणती, हे त्यांना विचारले असते तर सांगता आले नसते. दुसऱ्या दिवशीही ते तिथेच होते, आणि तिसऱ्या दिवशीही. शाळेची घंटा होण्यापूर्वी डोळ्यांची एक जोडी काढायची आणि उठायचे, हा त्यांचा क्रम मग कधीही मोडला नाही.

बाजाराला हे विनोदाचे खाद्य झाले. भाजी विकणारी एक बाई हातातला कागद उलटसुलट करून ओरडली, "मास्तर, माझं नाक कुठं इकलंव?" सारी पायरी हसली. मास्तर म्हणाले, "नाक बिनचूक येतंय गं. त्यात शिकायचं काय राहिलं न्हाय." घरी अक्का ते कागद चूल पेटवायला घेत. मी हळहळलो तर मास्तरांनी मलाच समजावले, "जळू द्या. उद्या आणीक काढू. चांगलं झालं का, हे इचारू नका, गुरुजी. झालं का, एवढंच इचारा." आरंभाची सारी उपपत्ती त्यांच्या बोलण्यातून नाहीशी झाली होती. अंगात ताप असताना ते घोंगडे पांघरून पायरीवर आले. थोरल्या भावाच्या मातीवरून परतले तेही सरळ तिथेच. त्या दिवशीचा कागद मात्र त्यांनी कुणाला दाखवला नाही.

मौलवीसाहेबांनी आपले चित्र काढू देण्यास नेहमी नकार दिला होता. त्यांच्या धर्मात ते बसत नव्हते, आणि मास्तरही त्याचा मान ठेवून त्यांची काठी किंवा जोडे काढून दाखवीत. राज्य बदलल्यावर मौलवीसाहेबांचे मुरुमात राहणे कठीण झाले. ज्या गावाला त्यांनी शिकवले, ते गाव त्यांच्याशी बोलेनासे झाले होते. ते कुटुंब घेऊन हैदराबादेस निघाले त्या सकाळी त्यांची गाडी बाजारातून गेली तेव्हा दुकानदारांनी माना वळवल्या. आम्ही दोन-तीन शिक्षक उभे होतो, पण पुढे होण्याची हिंमत आम्हालाही होत नव्हती. गाडी आडत दुकानापाशी थांबली. मौलवीसाहेब उतरून मास्तरांसमोर पायरीवर बसले आणि म्हणाले, "निकालो मास्टर. सिर्फ आँखें. इतना अल्लाह माफ कर देगा." मास्तरांनी काढले. मौलवीसाहेबांनी कागद मागितला नाही, मास्तरांनी दिलाही नाही. मौलवीसाहेब पुन्हा गाडीत बसले. तेवढा एक कागद मास्तरांनी चुलीत जाऊ दिला नाही.

कोंडाबाईचे चित्र पुरे झाले ते याहूनही बरेच नंतर. मास्तरांचा हात आता कुणाचेही डोळे कागदावर आणू शकत होता. फक्त माणिकचे नव्हे, कारण माणिक समोर नव्हता. एके दिवशी ती स्वतःच बाजारातल्या त्या पायरीवर आली. टाकाचा विषय भावकीने पुन्हा काढला होता आणि या खेपेला चांदीही आणून ठेवली होती.

"मास्तर, किती दिस तोंड चुकवणार? वाट वाकडी करून जाताव, मला काय दिसत न्हाय?" ती पायरीवर बसली. "माझं डोळं काढा."

"तुमचे?"

"बारशाला सगळ्या बाया म्हणल्या व्हत्या, पोरानं डोळं आईचं घेतल्यात. मग माझंच बघा अन् त्याला लावा. निदान ह्या वक्ताला माझ्याकडं बघा तरी."

मास्तरांनी तिला शाळेत आणले. खिडकीशी बसवले. घरून ते चित्र मागवले. मी तास सोडून तिथे उभा राहिलो. एवढ्या दिवसांचा तो सराव मी त्या वेळी खरा पाहिला. त्यांनी तिच्या पापण्यांवरच्या सुरकुत्या गाळल्या, खालचे काळे वर्तुळ गाळले, रडून आलेला जडपणा अलगद उचलून बाजूला ठेवला आणि त्याखाली जे उरले ते कागदावर उतरवले. दोन पांढऱ्या जागा भरल्या. कागदावरचा मुलगा आमच्याकडे पाहू लागला.

कोंडाबाईने चित्र हातात घेतले आणि उजेडाकडे धरले. मग मास्तरांकडे वळून अगदी हळू आवाजात, एखादा गुन्हा सांगावा तसे बोलली.

"खरं सांगू का, मास्तर? डोळं झाकलं की मला त्यो जातानाच दिसतोय. पाठमोरा. तोंड वळवीतच न्हाय. आई असून मलाच आठवंना झालंय. तुमी सांगा. असंच व्हतं न्हवं त्याचं डोळं?"

मास्तरांनी हात धोतराला पुसले. माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"व्हय," मास्तर म्हणाले. "असेच व्हते."

तिने चित्र छातीशी धरले आणि गेली. टाक तिने शेवटपर्यंत केला नाही. भिंतीवरच्या त्या चित्राला ती सणासुदीला गोड दाखवी, आणि त्याच्याशी बोलते असे शेजारणी सांगत. दिरांची बोलणी थांबली. साऱ्या गावाने मास्तरांचे कौतुक केले आणि मास्तर त्या कौतुकापुढे उभे राहू शकले नाहीत. कुणी चित्राचा विषय काढला की ते उठून जात. मला एकट्याला एकदा म्हणाले, "मी तिच्या पोराचे डोळे न्हाय काढले, गुरुजी. तिचेच तिच्या भिंतीला टांगले. ती रोज स्वतःलाच जेवायला बोलावती अन् म्हणती, माणिक आला."

चित्र पुरे झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते पायरीवर होते, त्याच्या दुसऱ्या दिवशीही. पुढे पुष्कळ वर्षांनी ते अंथरुणाला खिळले तेव्हा अक्का समोर बसत आणि ते त्यांचे डोळे काढीत; दिवसाला एक जोडी होई. मी भेटायला गेलो की इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ते एकच विचारीत, "त्या दिशी मी व्हय म्हणलो. चुकलं का माझं?" इतकी वर्षे मुलांना हिशेब शिकवलेला मी, पण मला त्यांना हो किंवा नाही सांगता आले नाही. ते गेले तेव्हाही माझे उत्तर द्यायचे राहिले होते, आणि ते मला आजही सापडलेले नाही.

वाचकहो, तुम्ही त्या आईला काय सांगितले असते?